चोवीसाची वाट पाहणारी भट्टी
वाचकांचे प्रश्न : सिम्युलेशन आणि मॉडेलिंग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे बॅचिंगविषयीच आहेत, म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे. नव्या वाचकांसाठी दोन शब्द आधी सांगतो. सिम्युलेशन म्हणजे प्रत्यक्ष कामाची संगणकावर चालवलेली नक्कल. घटनांवर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये घड्याळ सेकंदासेकंदाने सरकत नाही. ते एका घटनेवरून सरळ पुढच्या घटनेवर उडी घेते. या घटना ज्यांच्या बाबतीत घडतात त्यांना एंटिटी म्हणतात, मग तो यंत्रावरचा जॉब असो, दवाखान्यातला रुग्ण असो किंवा थांब्यावरचा प्रवासी असो. अशा अनेक एंटिटी एकत्र बांधून पुढे एकच म्हणून पाठवणे म्हणजे बॅचिंग. स्वयंपाकघरात यालाच आपण घाणा म्हणतो. कढईत मावतील तेवढीच भजी सोडायची, आणि ती निघेपर्यंत बाकीच्या पिठाने परातीत वाट पाहायची.

प्रश्न : मी एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. आमच्या हीट ट्रीटमेंट विभागाचे मॉडेल मी तयार केले आहे. सरासरी दर पाच मिनिटांनी एक गिअर येतो. त्यांतले 90 टक्के ‘अ’ प्रकारचे आणि 10 टक्के ‘ब’ प्रकारचे असतात. भट्टीच्या एका चार्जमध्ये 24 गिअर बसतात आणि एक चार्ज 90 मिनिटे चालतो. दोन्ही प्रकारांचे तापमान वेगळे असल्याने ते एकत्र लावता येत नाहीत. भट्टीसमोरच्या रॅकवर 40 गिअरांची जागा आहे. मी प्रकारानुसार 24 ची बॅच लावली आहे. मॉडेल सुरुवातीला सुरळीत चालते, पण कधी तेराव्या, तर कधी सतराव्या तासाला भट्टी रिकामी पडते आणि मागची रांग वाढतच जाते. कोणताही एरर येत नाही. प्रत्यक्षात आमच्याकडे असे कधीच झालेले नाही. चूक कुठे असेल?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : सॉफ्टवेअर आपण सांगितले तेच करत आहे. 24 ची बॅच, 40 जागा आणि दोन प्रकार या तीन गोष्टी मात्र एकत्र नांदू शकत नाहीत, आणि हे आकड्यांवरूनच दाखवता येते.

रॅक डोळ्यांसमोर आणा. ‘अ’ गिअर भराभर येतात, चोवीस झाले की भट्टीत जातात आणि त्यांची जागा मोकळी होते. ‘ब’ गिअर मात्र सरासरी 50 मिनिटांना एक या गतीने येतात, त्यामुळे ते रॅकच्या कोपऱ्यात साठत राहतात. ‘ब’ सोळा असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण सोळा आणि चोवीस मिळून बरोबर चाळीस होतात. सतरावा ‘ब’ रॅकवर आला की ‘अ’साठी 23 जागा उरतात. त्या तेवीस जागा भरल्या की चोविसावा ‘अ’ रॅकबाहेर उभा राहतो. तो आत आल्याशिवाय चार्ज पूर्ण होत नाही, आणि चार्ज लागल्याशिवाय त्याला आत जागा मिळत नाही. त्याच्या मागे आलेला ‘ब’सुद्धा अडकतो. सतरावा ‘ब’ यायला सरासरी 850 मिनिटे, म्हणजे 14 तास 10 मिनिटे लागतात. त्यानंतर उरलेल्या जागा भरायला ‘अ’ला फार तर दोन-सव्वादोन तास पुरतात. आगमने यादृच्छिक असल्यामुळे ही वेळ प्रत्येक रनमध्ये मागेपुढे होते. आपले तेरा ते सतरा तास या हिशोबात चपखल बसतात.

एरर का येत नाही, हेही यावरून कळेल. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने प्रत्येक एंटिटी रीतसर वाट पाहत उभी आहे. नवी आगमने आधीच ठरलेली असल्याने घटनांची यादी रिकामी होत नाही आणि घड्याळ पुढे सरकत राहते. कोंडी झाली आहे असे ओरडून सांगणारा त्या यंत्रणेत कोणी नसतो. म्हणून बॅच असलेल्या कोणत्याही मॉडेलमध्ये मी एक साधा पहारा बसवतो : भट्टी रिकामी आहे, रॅक पूर्ण भरला आहे आणि ही स्थिती ठरावीक वेळेहून जास्त टिकली आहे, असे दिसले की रन थांबवायचा आणि रॅकवर कोणते किती आहेत ते छापायचे. आपण हे केले असते तर ‘अ’ 23, ‘ब’ 17 यांसारखे दोन आकडे समोर आले असते आणि पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

अशी कोंडी कधीच होऊ नये यासाठी किती जागा हव्यात? प्रत्येक प्रकारचे जास्तीत जास्त तेवीस गिअर अपुरे राहू शकतात, म्हणजे दोन प्रकारांचे मिळून 46. सत्तेचाळिसावी जागा असली की तिथे येणारा गिअर कोणत्याही प्रकारचा असो, तो कोणता तरी चार्ज पूर्ण करतोच. दोन प्रकारांना 47 जागा लागतात. तीन प्रकार झाले तर 70.

आता आपण मॉडेलमध्ये 40 च्या जागी 47 लिहाल, मॉडेल धावू लागेल आणि आपण समाधानाने अहवाल लिहायला बसाल, अशी मला भीती वाटते. तसे करू नये. रॅकवर प्रत्यक्षात 40 च जागा आहेत आणि तरीही प्रत्यक्षात काम अडत नाही, हे आपणच लिहिले आहे. मग अडत नाही ते का? याचा एकच अर्थ निघतो : चोवीस पूर्ण झाल्याशिवाय भट्टी लावायची नाही हा नियम कागदावर असला, तरी भट्टीपाशी तो पाळला जात नाही. फार वर्षांपूर्वी अशाच एका विभागाचे मॉडेल करताना मीही पत्रकावर छापलेला चार्जचा आकडा जसाच्या तसा उचलला होता. रात्रपाळीच्या भट्टीवाल्याला दाखवायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, भरायची वाट कोण बघत बसतंय? पाळी सुटायच्या आधी चार्ज लागला पाहिजे, नाहीतर सकाळी बोलणी आम्हीच खातो.” त्याच्याकडे तीन नियम निघाले. चार्ज भरला तर लावायचा. पाळी संपायला तासभर राहिला असेल तर असेल तेवढा लावायचा. आणि डिस्पॅचमधून फोन आला तर सहा गिअरांसाठीही भट्टी पेटवायची. पत्रकात यांतला पहिला नियम तेवढा होता.

आपणही हे विचारून घ्यावे, कारण ‘ब’ला चोविसाची वाट पाहायला लावणे किती महाग पडते ते मॉडेल न चालवताही काढता येते. बॅचमधला पहिला गिअर उरलेल्या तेवीस आगमनांइतका वेळ थांबतो आणि शेवटचा मुळीच थांबत नाही, त्यामुळे सरासरी थांबणे त्याच्या निम्मे येते. दोन्ही प्रकार एकत्र लावता आले असते, तर पहिला गिअर 115 मिनिटे आणि सरासरीने प्रत्येक गिअर 57.5 मिनिटे थांबला असता. वेगळे लावल्यावर पहिल्या ‘ब’ला 1,150 मिनिटे, म्हणजे 19 तास 10 मिनिटे थांबावे लागते आणि सरासरी थांबणे साडेनऊ तासांच्या वर जाते. भट्टीचे काम दीड तासांचे आणि वाट पाहणे साडेनऊ तासांचे! हा वेळ यंत्राच्या रांगेत दिसत नाही, तो बॅच ब्लॉकच्या, म्हणजे बॅच बांधणाऱ्या तयार घटकाच्या, पोटात लपलेला असतो. मी पाहिलेल्या निम्म्या अहवालांत भट्टीसमोरची रांग छापलेली असते आणि बॅचसाठीचे थांबणे वगळलेले असते.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे वेळेची मर्यादा : बॅचमधला पहिला गिअर येऊन चार तास झाले की असतील तेवढे लावायचे. हा उपाय दिसतो तितका सोपा नाही, आणि आपल्याच आकड्यांवर त्याचा हिशोब करण्याजोगा आहे. सध्या तासाला 12 गिअर येतात आणि 24 चे चार्ज लागतात, म्हणजे दर दोन तासांना एक चार्ज, आणि भट्टी 75 टक्के वेळ कामात. चार तासांची मर्यादा घातली तर ‘ब’चा चार्ज सरासरी 290 मिनिटांना एक लागेल, 240 मिनिटे मर्यादेची आणि पुढचा पहिला ‘ब’ येईपर्यंतची सरासरी 50. त्या चार्जमध्ये सरासरी सहादेखील गिअर नसतील, पण भट्टी मात्र पूर्ण 90 मिनिटे अडवली जाईल. ‘ब’साठी भट्टीचा 31 टक्के वेळ जाईल, ‘अ’साठी साडेसदुसष्ट टक्के जातोच, बेरीज साडेअठ्ठ्याण्णव टक्के. इतक्या भरलेल्या भट्टीसमोर रांग किती वाढते ते वेगळे सांगायला नको. ‘ब’चे थांबणे कमी करायला गेलो आणि ‘अ’ची रांग लावून बसलो, असे होईल. मर्यादा आठ तासांची केली तर ‘ब’च्या एका चार्जमध्ये दहा-अकरा गिअर येतात आणि भट्टी सुमारे साडेचौऱ्याऐंशी टक्के भरते, जे सुसह्य आहे.

याहून शहाणा नियम असा : भट्टी मोकळी झाली की पाहायचे. कोणत्याही प्रकारचे चोवीस असतील तर ते लावायचे. नसतील, पण एखाद्या प्रकारचे ठरावीक किमान संख्येइतके असतील, तर तेवढेच लावायचे. तेवढेही नसतील तर थांबायचे. भट्टीला काम नसतानाच अपुरा चार्ज लागतो, त्यामुळे घाईची किंमत कमी मोजावी लागते. तरीही अपुरा चार्ज एकदा लागला की पुढची 90 मिनिटे भट्टी अडते, म्हणून किमान संख्या किती ठेवायची हे मॉडेलवर वेगवेगळे आकडे चालवूनच ठरवावे. रांगांच्या गणितात हा नियम जुना आहे. मार्सेल न्यूट्स यांनी 1967 साली किमान आणि कमाल संख्येच्या या सेवेचे गणित मांडले. त्या गणितात एकच प्रकार असतो आणि पाळी सुटण्याची वेळ नसते. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत, म्हणूनच सिम्युलेशन हवे.

हा नियम तयार बॅच ब्लॉकमध्ये सहसा बसत नाही, कारण तो ब्लॉक संख्या पूर्ण होण्याखेरीज दुसरे काही पाहत नाही. आपण प्रत्येक प्रकाराची साधी रांग ठेवा आणि निर्णय बाहेर काढा. भट्टी मोकळी होण्याच्या घटनेला आणि प्रत्येक नव्या आगमनाला एकदा रांगा तपासायच्या आणि नियम लागू होत असेल तर त्या रांगेतून हवे तेवढे सोडायचे. अरीना हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर होल्ड (थांबवणारा) आणि सिग्नल (सोडणारा) ही ब्लॉकची जोडी याच कामाची आहे. पाळी सुटण्याचा नियम लागू असेल तर दर पाळीला एकदा जन्माला येणारी, कोणताही माल नसलेली, केवळ तपासणी करून नाहीशी होणारी एंटिटी तयार करावी. मी तिला मुकादम म्हणतो.

प्रश्न : अरीनामध्ये बॅच तात्पुरती की कायमची, असे विचारले जाते. मी एका प्रकल्पासाठी दोन्ही करून पाहिले. उत्पादनाचे आकडे सारखेच आले, पण सिस्टिममधला सरासरी वेळ खूपच वेगळा आला. कोणता खरा धरायचा?
— अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या गावाजवळच्या गुऱ्हाळात जाऊन पाहिलेत तर निम्मे उत्तर तिथेच मिळेल. काहिलीत ओतलेला रस कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या उसाचा होता, हे ढेप फोडून परत वेगळे काढता येत नाही. ती कायमची बॅच. मुंबईच्या डबेवाल्यांचे नेमके उलट आहे. उपनगरातल्या घरांतून गोळा केलेले डबे स्टेशनवर उतरायच्या ठिकाणाप्रमाणे वेगळे केले जातात, लाकडी क्रेटमध्ये एकत्र रचून लोकलने नेले जातात, आणि त्या स्टेशनला उतरल्यावर पुन्हा सुटे होऊन आपापल्या इमारतीत व मजल्यावर पोचतात. क्रेट हा प्रवासापुरता प्रतिनिधी आहे. झाकणावरची खूण शेवटपर्यंत डब्याची स्वतःचीच राहते, आणि त्या खुणेच्याच भरवशावर दुपारी रिकामा डबा मूळ घरी परततो. ही तात्पुरती बॅच. पुढे वेगळे व्हायचे असेल आणि वेगळे झाल्यावर प्रत्येकाची ओळख लागणार असेल तर बॅच तात्पुरती ठेवावी. एनीलॉजिक या सॉफ्टवेअरमध्येही बॅच ‘कायमची’ असे चिन्हांकित केली की ती नंतर सुटी करता येत नाही.

हा भेद सॉफ्टवेअरवाल्यांनी अलीकडे काढलेला नाही. आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी 1961 च्या सुमारास तयार केलेल्या जीपीएसएस या सिम्युलेशनच्या भाषेत एकाच मूळ एंटिटीपासून फुटलेल्या सोबत्यांसाठी दोन वेगळे ब्लॉक होते : ‘असेंबल’ ठरलेली संख्या जमली की एकाला पुढे पाठवून बाकीच्यांना नष्ट करी, तर ‘गॅदर’ तेवढी संख्या जमेपर्यंत सर्वांना थांबवून मग सर्वांनाच सुटे सोडी. आजच्या फ्लेक्ससिम या सॉफ्टवेअरमधल्या कंबाइनर या ब्लॉकला तीन रीती आहेत, एका वस्तूत दुसरी भरणे, सर्वांची एकच करणे आणि नुसते एकत्र थांबवून सोडणे, आणि त्यांत हीच जुनी वाटणी ओळखू येते. आपल्या प्रकल्पात केवळ एकत्र थांबणे असेल, एकत्र होणे नसेल, तर मुळात बॅचच नको; थांबवून सोडणे पुरेसे आहे.

आता आपल्या वेळेच्या फरकाकडे येतो. बॅच झाली की पुढे जाणारी एंटिटी नवी असते आणि तिची माहिती कुठून घ्यायची हे आपल्याला सांगावे लागते. अरीनामध्ये पहिल्याची, शेवटच्याची, सर्वांची बेरीज किंवा गुणाकार असे पर्याय असतात आणि आपण काही न निवडल्यास शेवटच्याची माहिती घेतली जाते. आपण आगमनाची वेळ एंटिटीसोबत राहणाऱ्या माहितीच्या एखाद्या नोंदीत, म्हणजे अॅट्रिब्यूटमध्ये लिहून शेवटी वजाबाकी करत असाल, तर तात्पुरती बॅच सुटी झाल्यावर प्रत्येक जण आपली स्वतःची वेळ परत घेऊन येतो आणि हिशोब बरोबर येतो. कायमच्या बॅचमध्ये मात्र शेवटी आलेल्याचीच वेळ उरते, आणि तो तर बॅचसाठी थांबलाच नव्हता. वरच्या भट्टीच्या उदाहरणात सर्व गिअर एकाच प्रकारचे धरले, तर या एका निवडीने सरासरी वेळ 57.5 मिनिटांनी कमी दिसेल. ‘पहिल्याची’ निवडली तर तेवढ्यानेच जास्त दिसेल. दोन्ही खोटे. कायमची बॅचच हवी असेल तर आगमनाच्या वेळांची बेरीज ठेवा : बाहेर पडतानाची वेळ बॅचच्या संख्येने गुणून त्यातून ही बेरीज वजा केली की सर्वांचा मिळून गेलेला वेळ अचूक मिळतो, मग संख्येने भागा.

कोणता आकडा खरा हे पडताळायला लिटल यांचा नियम वापरा. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या या नियमानुसार सिस्टिममध्ये असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले राहण्याचा सरासरी वेळ. सिस्टिममधली संख्या मोजताना चोवीसची बॅच एक न मोजता चोवीस मोजा. तात्पुरत्या आणि कायमच्या, दोन्ही मॉडेलांत हे समीकरण तपासा. जिथे डावी बाजू उजवीशी जुळणार नाही तिथे वेळ चुकीचा मोजला जात आहे. परीक्षकांसमोर हा एक तक्ता ठेवलात तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप थांबतील.

प्रश्न : आमच्या कार्यालयात महागडे सॉफ्टवेअर नाही, म्हणून मी पायथन भाषेतली सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी वापरतो. त्यात बॅचचा तयार ब्लॉक नाही. स्टोअरमधून, म्हणजे वस्तू साठवणाऱ्या तिच्या रांगेतून, एकेक वस्तू घेत यादी भरायची आणि वेळ संपली की असेल तेवढी यादी पुढे पाठवायची, असे मी लिहिले आहे. चालते छान, पण महिन्याच्या रनमध्ये थोड्या वस्तू कुठे तरी नाहीशा होतात. आलेल्या आणि गेलेल्या संख्येत फरक पडतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटची अपुरी बॅच आत राहिली असेल, तर तेवढा फरक रास्त आहे; रन संपताना यादीत आणि स्टोअरमध्ये किती शिल्लक आहे ते मोजून वजा करा. त्यानंतरही फरक उरला, तर चोर मला ठाऊक आहे.

वस्तू घेण्याची मागणी आणि वेळ संपण्याची घटना, यांपैकी जे आधी होईल ते, असे आपण लिहिले असणार. वेळ आधी संपली की आपण यादी पुढे पाठवता आणि नवी बॅच सुरू करता. पण आपण केलेली मागणी मात्र स्टोअरच्या रांगेत तशीच उभी असते. पुढची वस्तू येते तेव्हा स्टोअर प्रामाणिकपणे ती त्या जुन्या मागणीच्या हातात देते, आणि ती मागणी आता कोणीच पाहत नसते. वस्तू गेली. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने पार्सल येत राहावे, तसा हा प्रकार आहे. उपाय एका ओळीचा आहे : वेळ आधी संपली तर त्या मागणीवर कॅन्सल चालवा. सिमपायमध्ये ही सोय याच प्रसंगासाठी दिलेली आहे. नाहीशा झालेल्या वस्तूंची संख्या आणि वेळ संपून गेलेल्या बॅचची संख्या जवळपास सारखी आली, तर माझे निदान खरे समजा.

कॅन्सल करण्याआधी मात्र ती मागणी नेमक्या त्याच क्षणी पूर्ण तर झाली नाही ना, हे पाहा. आपल्या आगमनाच्या वेळा पूर्ण मिनिटांत असतील तर वस्तू येणे आणि वेळ संपणे एकाच क्षणी घडणे मुळीच दुर्मीळ नाही. दोन्ही घडले असतील तर वस्तू यादीत टाकून मगच बॅच पाठवावी.

एक चूक आपण विचारलेली नाही, पण असण्याची शक्यता फार आहे. वेळ कधीपासून मोजता? फेरा सुरू झाल्यापासून मोजत असाल तर आगमने मंदावताच रिकाम्या बॅच पुढे जाऊ लागतील आणि भट्टी हवेवर तापवली जाईल. आधी मर्यादा न लावता पहिली वस्तू घ्या, ती मिळाल्याच्या क्षणी घड्याळ सुरू करा आणि उरलेल्या वस्तूंसाठी तेच घड्याळ चालू ठेवा. प्रत्येक वस्तूला नवे घड्याळ दिलेत तर चार तासांची मर्यादा सरकत सरकत दिवसभराची होते.

प्रश्न : आमच्या भागातल्या वडापचे, म्हणजे भरली की सुटणाऱ्या खासगी प्रवासी जीपचे, मॉडेल करायचे आहे. जीप नऊ प्रवाशांची आहे, म्हणून मी नऊची बॅच घेतली. पण प्रवासी दोघे-तिघे मिळून येतात, आणि कंटाळून एसटीने निघूनही जातात.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : प्रत्येक कुटुंबाला एक एंटिटी धरा आणि माणसांची संख्या तिच्या अॅट्रिब्यूटमध्ये ठेवा. नऊची बॅच घेतली तर सॉफ्टवेअर नऊ एंटिटी मोजेल, म्हणजे नऊ कुटुंबे जीपमध्ये बसवेल, जे वडापवाल्यालाही जमणार नाही. आपल्याला एंटिटींची संख्या मोजायची नसून अॅट्रिब्यूटची बेरीज मोजायची आहे. बेरीज आठ झाली असताना तिघांचे कुटुंब आले तर काय होते, हे थांब्यावर उभे राहून पाहावे लागेल. बहुधा एक-दोघांना टपावर किंवा चालकाशेजारी जागा मिळते आणि जीप दहा-अकरा घेऊन सुटते. नऊ हा आकडा आरसी बुकातला आहे.

निघून जाणाऱ्यांसाठी बॅच ब्लॉक टाळलेलाच बरा, कारण त्याच्या पोटातल्या रांगेतून मधल्याच एकाला उचलणे सहसा अडचणीचे असते. साधी रांग ठेवा, प्रत्येक कुटुंबाला आपापली सहनशक्ती द्या आणि एसटी आली की ज्यांना जायचे त्यांना रांगेतून काढा. त्या वेळी बेरीजही तितकी कमी करायला विसरू नका. नाहीतर जीप गेलेल्या प्रवाशांना मोजून अर्धी रिकामी सुटेल. जीप सुटण्याचा नियम बहुधा दोन अटींचा असतो : भरली की सुटते, किंवा एसटी यायला पाच मिनिटे राहिली की सुटते. दुसरी अट नसती तर वडाप हा धंदाच उभा राहिला नसता.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शकांनी निकालांसाठी ‘बॅच मीन्स’ वापरायला सांगितले आहे. माझ्या मॉडेलमध्ये तर कुठेच बॅचिंग नाही. आता मुद्दाम घालावे लागेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : अजिबात नाही. नावाखेरीज दोहोंचा काही संबंध नाही. बॅच मीन्समध्ये एंटिटी बांधल्या जात नाहीत, निरीक्षणे बांधली जातात. एकच लांब रन घेऊन, सुरुवातीचा अस्थिर भाग टाकून, उरलेल्याचे सारखे मोठे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी हे एक निरीक्षण मानून विश्वासार्हता अंतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) काढतात. एकामागून एक येणाऱ्या ग्राहकांचे थांबण्याचे वेळ एकमेकांशी जोडलेले असतात, म्हणून ते सुटे निरीक्षण म्हणून धरता येत नाहीत. तुकडे पुरेसे लांब असले की त्यांच्या सरासऱ्यांतला हा दुवा बराच विरळ होतो. आपल्या मॉडेलमध्ये खरेच बॅचिंग असते तर एकच काळजी घ्यावी लागली असती : एका चार्जमधून चोवीस गिअर एकाच क्षणी बाहेर पडतात आणि त्यांचे वेळ एकमेकांना अगदी बांधलेले असतात, म्हणून तुकडे गिअरांच्या संख्येवर न पाडता चार्जच्या संख्येवर पाडावे लागले असते, आणि प्रत्येक तुकड्यात पुष्कळ चार्ज असावे लागले असते. आपल्याला ही चिंता नाही.